पेनड्राइव्ह बरोबर आहे, मग मशीन का उठत नाही?

पुण्याच्या येरवड्यात, जेल रोडच्या आत, एका गल्लीच्या तोंडाशी डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल अशी कामं तिथं वीसेक वर्षं चालू आहेत. येरवड्याला छपाई नवी नाही. सरकारी पुस्तकांवर ‘येरवडा कारागृह मुद्रणालय’ ही ओळ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मागच्या पावसाळ्यात या दुकानाच्या ताईंचा फोन आला. “दादा, जुनं मशीन टकटक करतंय. कधी चालू होतं, कधी नाही. भाच्यानं पेनड्राइव्ह करून आणलाय, तोही लागत नाही. तो म्हणतो पेनड्राइव्ह बरोबर आहे, माझ्या लॅपटॉपवर चालतो. मशीनच गेलं म्हणतो.”

जुनी मशीन दुरुस्त करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातली अडचण आता मला लगेच दिसते. लॅपटॉपवर चालतो म्हणजे पेनड्राइव्ह लॅपटॉपसाठी बरोबर आहे, एवढंच सिद्ध होतं. बूट होणारी डिस्क ही सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली नसते. ती एका विशिष्ट काळातल्या मशीनसाठी घडवलेली असते, आणि मशीन कोणत्या काळातलं आहे हे आधी विचारावं लागतं.

दुकानातलं मशीन पेंटियम फोर होतं. ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, सीडी रायटर, फ्लॉपी ड्राइव्ह, विंडोज एक्सपी. मागच्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक बसवलेलं (ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही), आणि लॉकच्या पाठीवर प्रिंटरची केबल. हे मशीन भंगारात का गेलं नाही, याचं उत्तर त्या लॉकमध्येच आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मनानं अक्षरं बसवायची. इंग्रजी अक्षरांच्या जागी कुणी ‘क’ ठेवला, कुणी त्याच जागी अर्धा ‘श’. पुण्यातच घडलेलं श्री-लिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, त्या काळची फाइल नव्या संगणकावर नुसती उघडली तर पडद्यावर चिन्हांचा गोंधळ दिसतो. पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. ताईंच्या हजारो फायली त्याच्यातल्या. फॉन्ट बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरं तुटतात, ओळी सरकतात आणि प्रत्येक पान पुन्हा मांडावं लागतं. जुनं गिऱ्हाईक येऊन “मागच्या वर्षीच्याच मजकुरात फक्त तारीख बदला” म्हणतं, तेव्हा हे मशीन लागतं.

आणि त्याची हार्ड डिस्क टकटक करत होती. आत डोकं चकतीवर जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागं येतंय, पुन्हा जातंय, असा तो आवाज असतो. अशा वेळी विंडोज पुन्हापुन्हा सुरू करून पाहणं हा सर्वांत वाईट उपाय. विंडोज सुरू होताना स्वतःच डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहितं, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले तास त्यात जातात. तिला हात न लावता बाहेरच्या डिस्कवरून मशीन उठवायचं आणि मग आतला माल काढून घ्यायचा, हाच रस्ता. भाच्याची कल्पना बरोबर होती, आणि हे मी त्याला आधी सांगितलं.

बाहेरून उठवायची ही रीत पुण्याला जुनी आहे. १९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. दरवर्षी ५ जानेवारीला तो मशीन अडवायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला लावायचा. टाइप केल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही. तो राहायचा डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे मशीन सर्वांत आधी जे वाचतं तिथं. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी मेमरीत टिकून राहायचा. त्यावर इलाज एकच होता. बटण बंद करून वीज पूर्ण तोडायची, मग स्वच्छ बूट फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं, आणि त्या फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे व्हायरसला तिच्यावर लिहिता येत नाही. त्या दशकात कैलाश आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या कामातून पुण्यात ‘क्विक हील’ उभं केलं. आज त्या कंपनीचं मुख्यालय येरवड्याच्या शेजारी विमाननगरला आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात तेव्हा एक बूट फ्लॉपी असायचीच. डॉक्टरच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपसारखी.

आता मशीन ‘उठतं’ म्हणजे काय, हे थोडं जवळून पाहू. ‘बूट’ हा शब्द स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःला उचलण्याच्या एका इंग्रजी कल्पनेवरून आलाय. आपल्याकडे विहिरीवर मोटर बसवणाऱ्याला ती गोष्ट सांगावी लागत नाही. पाइपात हवा असेल तर मोटर कितीही फिरली तरी पाणी उचलत नाही. आधी वरून कळशीभर पाणी ओतून पाइप भरावा लागतो. पाणी चढवायला आधी पाणी लागतं. संगणकाचं तसंच आहे. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायचा तर ते काम करणारा प्रोग्रॅम आधी मेमरीत हवा, आणि वीज आल्या क्षणी मेमरी रिकामी असते.

ती पहिली कळशी ओततो बायोस. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम आधी रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. मग ठरवून दिलेल्या क्रमानं एकेका डिस्ककडे जातो आणि तिचे फक्त पहिले ५१२ बाइट उचलून मेमरीत ठेवतो. ५१२ बाइट म्हणजे किती? देवनागरीचं एक चिन्ह आज बहुतेक ठिकाणी ३ बाइट घेतं. म्हणजे १७० चिन्हं, वर्तमानपत्राच्या स्तंभातल्या पाच-सहा ओळी. एवढ्या जागेतले ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट डिस्कचे भाग कुठं सुरू होतात या तक्त्याला, आणि शेवटचे २ बाइट खुणेला. ती खूण ठरलेली आहे, ५५ आणि एए. एक-शून्यात लिहून पाहिली तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एकमेकांचं उलटं प्रतिबिंब. ही खूण सापडली तर बायोस त्या पाचशे बारा बाइटांच्या हाती मशीन सोपवतो आणि स्वतः बाजूला होतो. नाही सापडली तर पुढच्या डिस्ककडे.

पेनड्राइव्हवर फायली नुसत्या कॉपी केल्या तर तो बूट का होत नाही, याचं कारण हेच. फायली कॉपी करताना हे पहिले ५१२ बाइट जसेच्या तसे राहतात. घरात सामान भरलं, पण दारावर पाटी नाही. सीडीच्या बाबतीत हीच चूक दुसऱ्या रूपात होते: डाउनलोड केलेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत बांधलेली प्रत, सीडीवर साधी फाइल म्हणून लिहिली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. तयार झालेली सीडी उघडून पाहावी. आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली तर सीडी चुकली, बरीच फोल्डर दिसली तर बहुधा बरोबर.

दुकानात पहिला अडथळा मात्र याच्याही आधीचा निघाला. भाच्यानं यूएसबी कीबोर्ड लावला होता आणि डिलीट दाबून बायोसमध्ये जायचा प्रयत्न करत होता. काही होत नव्हतं. त्या काळच्या अनेक मदरबोर्डवर ‘यूएसबी कीबोर्ड सपोर्ट’ बायोसमध्ये सुरू केल्याशिवाय सुरुवातीच्या टप्प्यात यूएसबी कीबोर्ड चालतच नाही, आणि तो सुरू करायला चालणारा कीबोर्ड हवा. जांभळ्या गोल पिनेचा जुना कीबोर्ड माळ्यावरून काढला, धूळ झटकली, आणि बायोसची निळी खिडकी उघडली.

बूटचा क्रम पाहिला: फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क. पेनड्राइव्हचं नाव नाही. इथं अनेक जण हात टेकतात. पण त्या पिढीचा बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतो. ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ नावाची वेगळी आतली यादी असते. त्यात जाऊन पेनड्राइव्ह वर सरकवावा लागतो. आणि तो यादीत दिसायला मशीन चालू करायच्या आधीच खोचलेला हवा. काही बायोसमध्ये ‘यूएसबी-एचडीडी’, ‘यूएसबी-झिप’, ‘यूएसबी-एफडीडी’ असे तीन पर्याय असतात. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कचं सोंग घेतोय, झिप ड्राइव्हचं की फ्लॉपीचं, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा पहिला लागतो, पण एक हटला तर दुसरा करून पाहावा. पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट मी टाळतो. तिथपर्यंत जाणारी आतली वायर वीस वर्षांत ढिली झालेली असते. मागचे पोर्ट मदरबोर्डलाच जोडलेले असतात.

क्रम लावला, सेव्ह केलं, केबल नीट बसवायला मेन स्विच बंद केला. पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’. क्रम पुन्हा पहिल्यासारखा, आणि तारीख मशीनच्या जन्माच्या आसपासची. भाचा म्हणाला, “काल मीही हेच केलं होतं. सेव्ह केलं तरी राहात नाही.”

मशीन विसरत होतं. बायोसच्या निवडी लक्षात ठेवायला मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवायचं कामही त्याचंच. १९८४ सालच्या आयबीएमच्या एटी मॉडेलपासून ही व्यवस्था चालत आलीय. सेल संपला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर सगळ्या निवडी पुसल्या जातात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत हा सेल कुठल्याही दुकानात मिळतो, आता तर किराणा दुकानातही मिळतो. नखानं क्लिप दाबली, जुना सेल उडाला, नवा बसवला. माझ्या अनुभवात ‘पेनड्राइव्ह लागत नाही’ या तक्रारीमागं जितक्या वेळा हा सेल निघालाय तितक्या वेळा दुसरं काही निघालेलं नाही, आणि तरी लोक सर्वांत शेवटी त्याच्याकडे पाहतात. जुन्या मशीनवर हात ठेवायच्या आधी सेल बदलावा.

आता बायोस पेनड्राइव्हकडे खरोखर गेला. पडदा काळा, वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ, आणि पुढं काही नाही. ही रेघ फार बोलकी आहे. याचा अर्थ बायोसनं पहिले ५१२ बाइट उचलले, खूण पटली, ताबा दिला, आणि घेणाऱ्याला पुढं काय करायचं हे माहीत नव्हतं. भाच्यानं पेनड्राइव्ह करताना ‘जीपीटी’ (डिस्कचे भाग नोंदवायची नवी रीत) आणि ‘यूईएफआय’ निवडलं होतं, कारण त्याच्या लॅपटॉपला तेच लागतं. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून बहुतेक नव्या मशीनमध्ये बायोसची जागा यूईएफआयनं घेतली. त्याची उठायची रीत वेगळी आहे. तो पहिल्या ५१२ बाइटांवर अवलंबून नसतो. डिस्कवरच्या फॅट पद्धतीच्या भागात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर शोधतो आणि त्याच्या आतली ठरलेल्या नावाची फाइल चालवतो. अशा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांमध्ये जुन्या मशीनसाठी बऱ्याचदा नुसती ‘ही जागा भरलेली आहे, हात लावू नका’ एवढीच नोंद असते. जुन्या बायोसला त्या नोंदीतून चालवण्यासारखं काही मिळत नाही. उलट दिशेनंही हेच घडतं. इंटेलनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत आपल्या नव्या मशीनमधून जुन्या बायोसची रीत काढून टाकणार. त्यामुळे ‘माझ्या जुन्या मशीनवर चालणारी सीडी नव्यावर का चालत नाही’ हाही प्रश्न आता येतो.

मी माझ्या लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह पुन्हा केला. या वेळी ‘एमबीआर’, म्हणजे वर सांगितलेली पहिल्या ५१२ बाइटांची जुनी रीत, आणि ‘बायोस’ निवडलं. रुफससारख्या प्रोग्रॅममध्ये ‘जुन्या बायोससाठी दुरुस्त्या’ अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावरही टिक केली. करायच्या आधी आयएसओ फाइल पूर्ण उतरली आहे का ते तपासलं. डाउनलोडच्या पानावर फाइलशेजारी चौसष्ट अक्षर-अंकांची एक लांब ओळ दिलेली असते. आपल्याकडच्या फाइलवरून तशीच ओळ काढता येते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आहे. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तर फाइल शाबूत. मी सगळी ओळ वाचत नाही, पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं पाहतो. अर्धवट उतरलेल्या फाइलची ओळ पूर्णच वेगळी येते, त्यामुळे तेवढं पुरतं. पेनड्राइव्हबद्दलही सावध असावं. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असते. लिहिताना तक्रार करत नाहीत, पण खऱ्या जागेच्या पलीकडचं सगळं हरवतं. बूट अर्ध्यात थांबत असेल आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर संशय पेनड्राइव्हवर घ्यावा.

या वेळी पडद्यावर मेनू आला. ताई मागून म्हणाल्या, “आलं की!” एंटर दाबला. एकच ओळ: या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, पण सापडला आय६८६. आणि मशीन थांबलं.

भाचा निराश झाला, पण ही ओळ चांगली बातमी होती. आत्तापर्यंत मशीन गप्प होतं, आता बोललं. पेनड्राइव्ह वाचला गेला, बूट लोडर चालला, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत आला, आणि त्यानं प्रोसेसरची ओळख विचारली. पेनड्राइव्हवर ६४ बिटचं लिनक्स होतं, प्रोसेसर ३२ बिटचा. २००४ पासून हळूहळू काही पेंटियम फोरमध्ये ६४ बिटची सोय आली, हे त्याआधीचं. असं मशीन उठवायला आता पर्याय कमी होत चाललेत. २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. डेबियननं २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या मशीनसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती, अँटिएक्स, पपी अशी काही नावं उरलीत. म्हणून अशा आयएसओ फायली आज मिळताहेत तोवर उतरवून ठेवाव्यात, असं मी प्रत्येक दुरुस्तीवाल्याला सांगतो. काही वर्षांनी मशीन शाबूत असेल आणि त्याला उठवणारी फाइल शोधावी लागेल. जुन्या पेंटियम एम लॅपटॉपची आणखी एक खोड आहे. त्यातल्या काही प्रोसेसरना पीएई नावाची सोय असते, पण ते ती जाहीर करत नाहीत. कर्नल नकार देतो. तिथं बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ लिहिलं की बरेचदा काम होतं.

पडद्यावरची ओळ वाचायची सवय किती उपयोगी आहे, हे सांगताना मी थोडा रेंगाळतो, कारण बहुतेकांचा वेळ इथंच वाया जातो. ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ हा जुना संदेश घ्या. लोक समजतात की बायोस सांगतोय, डिस्क सापडली नाही. वास्तविक हे वाक्य त्या डिस्कच्याच पहिल्या ५१२ बाइटांमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे पोर्ट, केबल, ड्राइव्ह, खूण, सगळं ठीक. डिस्क वाचली गेली आणि तिनंच सांगितलं की माझ्याकडे आयओ.एसवायएस वगैरे फायली नाहीत. फ्लॉपीच्या काळात सकाळी ऑफिसमध्ये हा संदेश पाहून घबराट व्हायची, आणि कारण बहुधा आदल्या संध्याकाळी ड्राइव्हमध्ये विसरलेली साधी फ्लॉपी असायची. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ म्हटलं की एक्सपीच्या भागापर्यंत पोचलो, त्याची पहिली फाइल नाही. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हटलं की तक्ता वाचला गेला, पण त्यातल्या चालू म्हणून खूण केलेल्या भागात काही मिळालं नाही. आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाचं काही आलं, तर ते मात्र बायोसचं बोलणं. तिथं केबल, क्रम, पोर्ट पाहायचं. प्रत्येक संदेश सांगतो की कळशी कुठल्या पायरीवर सांडली. त्याच्या मागच्या सगळ्या पायऱ्यांवर आपला वेळ घालवायची गरज उरत नाही. म्हणून मी सगळ्यांना मोबाइलनं त्या ओळीचा फोटो काढायला सांगतो. “काहीतरी इंग्रजीत आलं आणि बंद झालं” यातून काहीच हाती लागत नाही.

अँटिएक्सची ३२ बिट आवृत्ती पेनड्राइव्हवर चढवली, तेवढ्यात चहा आला. मशीननं दीड-दोन मिनिटं घेतली आणि डेस्कटॉप उघडला. हार्ड डिस्कला अजून हातही लागला नव्हता.

याहून जुनं मशीन असतं, समजा पेंटियम टू किंवा सुरुवातीचं थ्री, तर पेनड्राइव्हचा नाद सोडावा लागला असता. त्या बायोसला यूएसबीवरून उठायचं माहीतच नसतं. तिथं सीडी. सीडीवरून उठायची रीत, एल टोरिटो, १९९५ मध्ये ठरली. सीडी कमी वेगानं लिहावी, कारण जुन्या ड्राइव्हचा लेझर थकलेला असतो आणि घाईनं लिहिलेल्या फिकट खुणा त्याला दिसत नाहीत. पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर त्याला आणखी अवघड. फाइल ७०० एमबीच्या वर गेली आणि डीव्हीडीवर लिहिली, तर सीडीचा ड्राइव्ह ती वाचणारच नाही. प्लॉप नावाचा एक छोटा बूट मॅनेजर आहे, तो फ्लॉपीवरही मावतो. त्याच्यात स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आहे. बायोस फ्लॉपीवरून प्लॉपला उठवतो, आणि प्लॉप पेनड्राइव्हला. मशीनला माहीत नसलेली वाट दुसऱ्यानं दाखवावी तसं. फक्त यूएसबी १.१ चा पोर्ट असेल तर धीर हवा. सेकंदाला एक एमबीच्या आसपास वेग मिळतो, ७०० एमबी वाचायला दहा-बारा मिनिटं.

फ्लॉपीला आता हात लावायचा तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीला बुरशी धरते. धातूची झडप सरकवून चकतीवर पांढरट डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण ती बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही खराब होतात. दुसरं, एका ड्राइव्हनं लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्यानं वाचेलच असं नाही. एका बाजूवर ८० वर्तुळं, दर वर्तुळात १८ भाग, दोन बाजू. डोकं केसभर सरकलं की वर्तुळं जुळत नाहीत. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे ड्राइव्ह ढिगानं मिळतात, पण ज्या मशीनवर लावायचा त्याच मशीनवर फ्लॉपी लिहून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

दुकानात पुढचं काम सुरू झालं. सीडी रायटरची केबल काढून तिथं ८० जीबीची एक वापरलेली, पण तपासलेली आयडीई डिस्क जोडली. आयडीईत एका केबलवर दोन डिस्क असतील तर मागच्या पिनांवरचा प्लास्टिकचा जंपर एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवतो. दोन्ही मास्टर ठेवल्या तर दोन्ही अदृश्य होऊ शकतात. इथं केबल वेगळी होती, त्यामुळे अडचण नव्हती. मुद्दाम १३७ जीबीच्या आतली डिस्क घेतली, कारण त्या काळच्या अनेक बायोसना त्यापलीकडची जागा मोजता येत नाही.

मग डीडीरेस्क्यू. हा प्रोग्रॅम आधी डिस्कचे चांगले भाग झरझर उचलतो, वाईट भागांवर अडून बसत नाही. त्यांची नोंद एका फाइलीत ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत जातो. साधी कॉपी पहिल्याच खराब जागेवर हट्ट धरून बसते आणि डिस्क तिथंच जीव सोडते. ती नोंदीची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली, नाहीतर वीज गेल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आज्ञा द्यायच्या आधी भाच्याला म्हटलं, कुठून आणि कुठं, हे मोठ्यानं वाच. इथं दोन नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते आणि वीस वर्षं पुसली जातात. यादीत आकार दिसत होते, ३७ जीबी आणि ७४ जीबी. कंपनी हजारानं मोजते आणि संगणक १०२४ नं, म्हणून ४० आणि ८० असे दिसतात. लहानीवरून मोठीवर. त्यानं वाचलं, ताईंनी ऐकलं, मी एंटर दाबला.

रात्रभर चाललं. सकाळी नोंदीत न वाचता आलेल्या जागा काही केबींच्याच होत्या. टकटक करणारी डिस्क काढून तिच्यावर ‘वापरू नये’ लिहिलं आणि तिच्या जागी ८० जीबीची बसवली. पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. एक्सपी आलं, पेजमेकर उघडला, लॉकनं ओळख दिली. ताईंनी मागच्या दिवाळीच्या सोसायटी अहवालाचं पहिलं पान उघडलं. ‘अध्यक्षीय निवेदन’ हे शब्द जागच्या जागी होते, ‘ध्य’ आणि ‘क्षी’ दोन्ही.

निघताना भाच्यानं स्वतःहून एक कागद काढला. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तो चिकटवला आणि वर सेलोटेपचे दोन पट्टे मारले. त्यावर लिहिलं होतं: ३२ बिट. बायोस, यूईएफआय नाही. पेनड्राइव्ह एमबीआर करावा. मागचा डावीकडचा पोर्ट. चालू करायच्या आधी खोचावा. ‘हार्ड डिस्क’च्या आतल्या यादीत शोधावा. गोल पिनेचा कीबोर्ड माळ्यावर, निळ्या पिशवीत. आणि खाली, सेल बदलल्याची तारीख.